काळ्या डोक्याची अळी

केळव्यात अंकुशला सगळे ओळखत. अंकुश मात्र माणसांना त्यांच्या माडांवरून ओळखायचा. बाजारात कुणी हटकलं, "काय अंकुश, ओळख विसरलास काय?" तर तो जरा घुटमळायचा आणि मग चेहरा उजळून म्हणायचा, "तुमचा त्यो विहिरीकडला वाकडा माड ना? औंदा त्याला शहाळी बारीक धरलीत." विचारणारा हसायचा. त्याच्या विहिरीकडे खरंच वाकडा माड असायचा.

पहिला माड त्याने सोळाव्या वर्षी चढला होता. आता पंचेचाळिशी उलटली होती. बाप शांताराम याच गावात माडावरून माडी उतरवायचा. बापाकडून अंकुशला कमरेला बांधायची, कोयता अडकवायची आकडी मिळाली आणि एक सवय मिळाली. वर पोचल्यावर कुठल्याही झावळीवर भार टाकायच्या आधी ती हलवून बघायची. "हिरवी दिसली म्हणून धरू नको," बाप सांगायचा. त्या सवयीच्या जोरावर तीस वर्षांत अंकुश एकदाही पडला नव्हता. केळवे, शेजारचं माहीम आणि थोडं माकुणसार मिळून पाच-सहाशे माड त्याच्या हातचे होते.

त्यातली तात्यांची वाडी त्याला घरच्यासारखी. तात्या अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, बायको वारलेली, मुलगा परगावी नोकरीला. बेचाळीस माड, त्यांच्या सावलीत पोफळी, पोफळींवर चढवलेल्या पानवेली. अंकुश नारळ काढायला आला की तात्या खाली प्लास्टिकची खुर्ची टाकून बसत आणि मान वर करून त्याच्याशी गप्पा मारत. वरून अंकुश ओरडून उत्तरं द्यायचा. दोघांची मैत्री अशी पन्नास फुटांच्या अंतरावरची होती, आणि ती वीस वर्षं टिकली होती.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. वाडीच्या दक्षिण कोपऱ्यातल्या माडावर अंकुश चढला आणि त्याच्या लक्षात आलं की खालच्या चार झावळ्या करपल्यासारख्या दिसताहेत. जुनी झावळी वाळते तशा त्या पिवळ्या पडून लोंबत नव्हत्या. देठ ताठ होता, टोकं ताठ होती, फक्त पाती आगीजवळ धरल्यासारखी तपकिरी झाली होती. त्याने एक पात मोडून उलटी केली. पानाच्या मागच्या बाजूला, मधल्या शिरेला धरून, मातकट रंगाच्या नळ्या चिकटलेल्या होत्या. वाळवीच्या घरासारख्या, पण मऊ. नखाने टोकरल्यावर आत रेशमासारखे धागे लागले, आणि धाग्यांत गुंफलेला भुसा. भुसा कसला, विष्ठाच ती. नळी फाटली तशी आतून एक अळी झटक्याने मागे सरकली. फिकट हिरवं अंग, अंगावर लांबीने गेलेल्या तपकिरी रेषा आणि काळंभोर डोकं. तिला हात लावताच ती एका धाग्याला लटकत सुळकन खाली निघून गेली.

अंकुशने दुसरी पात उलटी केली; तिच्यामागेही नळ्या होत्या. अळ्या त्याने आयुष्यभर पाहिल्या होत्या. भीती अळीची नव्हती. ती नळी त्याने याआधी पाहिली होती, आणि कुठे पाहिली ते त्याला त्याच क्षणी आठवलं होतं.

दिवाळीनंतर चिरागने, म्हणजे किनाऱ्यावर भेळ-सरबताची टपरी चालवणाऱ्या माणसाने, त्याला टपरी शाकारायला झावळ्या आणायला सांगितलं होतं. मुंबईच्या पाहुण्यांना पत्र्यापेक्षा झावळ्यांचं छप्पर आवडतं. तारापूरच्या पलीकडे एका वाडीत झावळ्यांचा ढीग पडलाय, कुणीही न्या, असं अंकुशला कळलं. तो टेम्पो घेऊन गेला. झावळ्या अर्ध्या करपलेल्याच होत्या. पानांमागे मातीचं काहीतरी चिकटलं होतं. मुंग्यांची घरं असतील म्हणून त्याने लक्ष दिलं नाही. टपरीचे बांबू यायला उशीर झाला, तेव्हा झावळ्या ठेवायच्या कुठे? तात्यांनाच विचारलं. "ठेव की, वाडी काय पळून जाते?" तात्या म्हणाले. आठ-दहा दिवस तो ढीग वाडीच्या दक्षिण कोपऱ्यात पडून होता. याच माडाखाली.

"काय रे, वरती झोपला काय?" खालून तात्यांनी हाक मारली.

"नाय नाय. चार झावळ्या करपल्यात, त्या बघतोय."

"तारापूरचा वारा लागला असंल. कारखान्यांचा धूर. गावात सगळे तेच म्हणतात."

अंकुशने वरून "हां" म्हटलं. तोंडातून निघून गेलेलं ते एवढंसं "हां" पुढे दीड महिना त्याच्या मानेवर बसलं.

त्या दिवशी त्याने अळ्यांची तीन पाती कोयत्याने तोडून पिशवीत घातली आणि घरी नेली. बायकोची, दीपाची, लोणच्याची एक रिकामी बरणी होती. तीत पाती ठेवून त्याने तोंडाला धोतराचं फडकं बांधलं.

"ह्ये काय घरात आणलं?" दीपा म्हणाली.

"बगायचंय, ह्याचं काय होतं ते."

"काय व्हायाचं? अळीचं काय होतं, पाकोळी होते. त्यात बगायचं काय?"

अंकुशने तिला टेम्पोची गोष्ट सांगितली. दीपाने हातातलं मासळीचं ताट खाली ठेवलं, दाराबाहेर एकदा नजर टाकली आणि आवाज उतरवून म्हणाली, "कुणी पायलंय? नाय ना? मग गप बसा. लोक वाऱ्याला नावं ठेवतात ना, ठेवू द्या. वारा काय भांडायला येत नाय."

तो गप बसला. पण बरणीकडे बघितल्याशिवाय त्याला सकाळचा चहा जाईना. दर दोन दिवसांनी तो ताजी पात आत घालायचा. अळ्या पानाच्या मागचा हिरवा मगज खरवडून खात, वरचा पापुद्रा तेवढा शिल्लक ठेवत. उजेडाकडे धरलं तर पान कागदासारखं पारदर्शक दिसायचं. खाता खाता त्या आपली नळी लांबवत जात आणि तिच्यातच राहत. बाहेर येत नसत, म्हणून वरून काही टाकलं तरी त्यांच्यापर्यंत पोचणार नाही, हे अंकुशला बघून बघून कळलं. अळी बोटाच्या अर्ध्या पेराएवढी झाली, मग थोडी मोठी झाली, कात टाकून पुन्हा खायला लागली. पंधरा-वीस दिवसांनी एकेकीने खाणं सोडलं. नळीतच तिने आणखी दाट धागे विणले आणि आत तांबूस-तपकिरी कोष होऊन निपचित पडली.

इकडे बरणी शांत झाली होती, तिकडे वाडी करपत होती. आधी एक माड, मग तीन, मग सात. फेब्रुवारी सरता सरता अकरा माडांच्या खालच्या झावळ्या जळक्या दिसायला लागल्या. रस्त्यावरून जाणारा माणूसही थांबून वर बघू लागला. तात्यांनी मीठ घालून बघितलं, शेणखत घालून बघितलं, शीतलादेवीला नारळ ठेवून आले. अंकुश दुसऱ्यांच्या वाडीत गेला की आधी पात उलटी करायचा. तात्यांच्या शेजारच्या वाडीतही कुंपणाकडच्या दोन माडांवर त्याला नळ्या सापडल्या. आता आपल्याच अंगाला, लुंगीला, दोराला चिकटून ही पीडा गावभर जात असेल, असं त्याच्या मनाने घेतलं. एका माडावरून उतरला की तो कपडे झटकायचा, दोर पाण्यात बुचकळायचा. माकुणसारला एका वाडीत तर तो माडाच्या बुंध्याशी उभा राहिला आणि न चढताच "आज पाय दुकतोय" सांगून परत आला.

एका सकाळी बरणीच्या फडक्याला आतून काहीतरी चिकटलेलं दिसलं. राखेच्या रंगाचा बारीक पतंग होता तो. नखापेक्षा जरा मोठा, पंख अंगावर चापून मिटलेले, डोक्याला केसासारख्या दोन लांब मिशा. कसला रंग नाही की नक्षी नाही. वाळक्या पानावर बसला असता तर दिसलाही नसता. अंकुशने बोटाने फडकं टिचकलं तसा तो वेडावाकडा उडाला आणि पुन्हा बसला. संध्याकाळपर्यंत आणखी चार निघाले. ह्या एवढ्याशा चिमटभर राखेने अकरा माड खाल्ले, हे अंकुशला खरं वाटेना.

दुसऱ्या दिवशी तो बरणी पिशवीत घालून कृषी सहाय्यक मेघालीमॅडमना भेटायला गेला. मेघाली तिशीतली, नुकतीच या भागात बदलून आलेली. तिने बरणी खिडकीपाशी धरली आणि म्हणाली, "नारळावरची काळ्या डोक्याची अळी. पतंग इतक्या चांगल्या अवस्थेत कुणी आणून दिला नव्हता अजून. किती दिवस पाळलात?"

"संक्रांतीपासून."

मग तिने त्याला बसवून सगळं सांगितलं. पतंग आठवडाभरच जगतो, पण तेवढ्यात मादी जुन्या पानांच्या मागे शे-सव्वाशे अंडी घालते. पाच दिवसांनी अंडी फुटतात. अळी चाळीसेक दिवस खाते, बारा दिवस कोषात राहते, पुन्हा पतंग. उन्हाळा संपेपर्यंत असे दोन फेरे होतील. "मुळातून विष देणारे आहेत," ती म्हणाली, "पण ते नारळात उतरतं. माणसं पाणी पितात ते. ह्या अळीवर जगणारी बारीक गांधीलमाशी असते, मुंगीएवढी. ती प्रयोगशाळेत वाढवतात. आपण ती सोडू शकतो. माणसाला चावत नाही."

अंकुशने मान हलवली. मग ज्यासाठी तो खरा आला होता ते विचारलं. "मॅडम, ही येते कुठनं? वाऱ्यानं येते काय?"

"पतंग फार लांब उडत नाही. लांबून आली तर बहुतेक वेळा तोडलेल्या झावळ्यांतून येते. कुणी आणल्या होत्या का?"

अंकुशने खिडकीबाहेर बघितलं. "इचारून बगतो," तो म्हणाला.

त्यानंतरचे चार दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी माहीमच्या एका माडावर त्याने झावळी न हलवताच तिच्यावर हात टाकला. झावळी देठापासून सुटली. दुसऱ्या हाताने त्याने बुंध्याला मिठी मारली म्हणून वाचला, पण छाती आणि दोन्ही दंड सोलवटून निघाले. बराच वेळ त्याला खाली उतरण्याचा धीर होईना. उतरला तो घरी न जाता तसाच तात्यांकडे गेला.

तात्या पडवीत पानं पुसून गड्ड्या लावत होते. अंकुशच्या सदऱ्याला रक्त बघून ते उठले. "अरे, पडला काय?"

"नाय पडलो. तात्या, तुमच्या वाडीत ही कीड मी आणली."

"काय बोलतो?"

"दिवाळीच्या त्या झावळ्या. त्यांच्यात ह्याच अळ्या होत्या. कोपऱ्यात ढीग ठेवला, तितनंच सुरू झालं. मला पयल्या दिवशीच कळलं होतं. मी बोललो नाय."

तात्या पुन्हा खाली बसले. हातातलं पान त्यांनी तसंच पुसत ठेवलं. "पयल्या दिवशी म्हंजे कदी?"

"संक्रांतीनंतर."

"आन मी येड्यासारका देवीला नारळ ठेवतोय. तू वरनं बगतोयस. मी धूर म्हणालो, तू हां म्हणालास."

"हां."

"तुज्या हातनं आली त्येचं मला कायपण नाय रे," तात्या म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला. "मीच सांगितलं, ठेव. पण दीड म्हयना! तवाच बोलला असतास तर एक माड होता. आता अकरा झाले." त्यांनी पानाची गड्डी बाजूला सारली. "जा तू. उद्यापासनं वाडीत पाय ठेवू नको."

गावात बातमी दुपारपर्यंत पोचली. शेजारच्या वाडीवाल्याने निरोप धाडला, येऊ नको. माहीमच्या दोघांनी फोन उचलणं बंद केलं. अंकुश घरात बसून राहिला. तीस वर्षांत त्याला जमिनीवर इतके दिवस सलग काढायची सवय नव्हती. घराबाहेर पडला की त्याची नजर आपोआप वर जायची, आणि लांबून तात्यांच्या वाडीचे तपकिरी शेंडे दिसले की तो मान खाली घालायचा.

आठ दिवसांनी मेघाली त्याच्या दारात उभी राहिली. "गांधीलमाश्या मागवल्यात. पण त्या प्रत्येक माडाच्या शेंड्यात नेऊन सोडाव्या लागतात. तात्यांनी दुसरा माणूस बघितला, तो करपलेल्या माडावर चढायला तयार नाही. तुम्ही याल?"

"तात्या काय म्हणतात?"

"विचारू नका ते. चला."

तात्या वाडीच्या तोंडाशीच उभे होते. अंकुशकडे न बघता ते मेघालीला म्हणाले, "चडणारा दुसरा कोण नाय म्हणून. नायतर..." पुढचं त्यांनी गिळलं.

अंकुश दक्षिण कोपऱ्यातल्या माडावर चढला, मग मधल्या, मग विहिरीकडच्या. प्रत्येक ठिकाणी त्याने नळ्या फोडून बघितल्या. खाली येऊन म्हणाला, "मॅडम, माश्या इतक्यात आणू नका."

"का?"

"ती माशी अळीवर बसते ना? आत्ता अळी हाय ती सुईच्या टोकाएवढी. पतंग होऊन अंडी फुटलीत नुकती. कोषाच्या रिकाम्या टरफलांनी नळ्या भरल्यात. अळी अर्ध्या पेराएवढी होयाला पंधरा-अठरा दिवस लागतील. मी बरणीत बगितलंय. आत्ता सोडल्या तर त्या उपाशी मरतील."

माश्यांची खेप पुढे ढकलता येईल का ते विचारायला मेघालीने फोन काढला. तात्या मात्र उसळले. "अजून पंधरा दिवस? आन तवर माड खाऊन झाले म्हंजे? एकदा गप बसून वाट लावलीस, आता परत थांबा म्हणतोस? मी इष घालतो मुळात. आजच घालतो."

"घाला," अंकुश म्हणाला. "माड तुमचे हायत. पण इष घातलं तर ही माशी नंतरपण जगणार नाय, आन शहाळी दीड-दोन म्हयने कुणाला देता येनार नाय. माझं चुकलं तर परत मी गावात कुणाच्या माडाला हात लावनार नाय. एवढंच सांगतो."

तात्यांनी वर करपलेल्या शेंड्यांकडे बघितलं. मग त्यांनी मेघालीला विचारलं, "ह्यो बरोबर बोलतो काय?"

"माझ्या पुस्तकात तेच आहे," ती म्हणाली. "पण माडावर जाऊन बघितलंय ते यांनीच."

ते सतरा दिवस अंकुशने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. रिकामं बसू नये म्हणून त्याने त्या अकरा माडांच्या सगळ्यांत खालच्या, पुरत्या जळलेल्या झावळ्या तोडल्या आणि वाडीतच जाळल्या. शेजारच्या वाडीवाल्यालाही हात जोडून त्याच्या दोन माडांच्या तोडू देण्याची परवानगी मिळवली. बाकी वेळ तो रोज एक माड चढून अळी मापायचा. अळी वाढत होती, म्हणजे त्याचं म्हणणं खरं होत होतं, आणि अळी वाढत होती म्हणजे पानही जात होतं. तीन नवे माड करपले. तात्या खुर्ची टाकून बसत, पण बोलत नसत. अंकुश उतरला की फक्त भुवई वर करत. अंकुश अंगठ्याच्या नखाने बोटाच्या पेरावर अळीची लांबी दाखवायचा.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात माश्या आल्या. कापूस लावलेल्या बारीक काचनळ्यांत काळे ठिपके तुरुतुरु पळत होते. मेघालीने कापसाला मध लावला होता. सकाळच्या थंड वेळी अंकुश कमरेला आकडीऐवजी पिशवी बांधून चढला. एकेका माडाच्या शेंड्यात कापूस काढून नळी हळूच झावळ्यांच्या बेचक्यात टेकवायचा. ठिपके बाहेर येत, क्षणभर थांबत, आणि पानाच्या उलट्या बाजूला नाहीसे होत. दोन दिवसांत बेचाळीसही माड झाले. पंधरवड्याने दुसरी खेप सोडायची होती.

दुसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी त्याने कोपऱ्यातल्या माडावर एक नळी फोडली. अळी हलली नाही. तिचं अंग सैल पडून पिवळट झालं होतं, आणि तिच्या शेजारी कापसाच्या तंतूसारख्या पाच-सहा बारीक कोष एकमेकांना चिकटून होते. त्याने दुसरी फोडली, तिसरी फोडली. चौथीत अळी जिवंत, चांगली वळवळणारी होती. तो तिन्ही पाती घेऊन उतरला आणि मेघालीला फोन लावून फोटो धाडला.

"हेच हवं होतं," ती म्हणाली. "कोष माशीचे आहेत. तीन मेल्या, एक जगली, चांगलं प्रमाण आहे. पण ती एकही जगू नये, म्हणून दुसरी खेप."

तात्यांनी ती पाती हातात घेतली, चष्मा कपाळावर सारला आणि डोळ्यांजवळ नेऊन मेलेली अळी खूप वेळ बघितली. "एवडीशी माशी," म्हणाले. विषावरून उसळले होते त्यानंतर ते अंकुशशी पहिल्यांदाच बोलले, तेही माशीबद्दल.

सगळं काही नीट झालं असं नाही. पाऊस लागेपर्यंत करपणं थांबलं, पण ज्या चौदा माडांचं पान गेलं त्यांचे कोवळे नारळ गळून पडले. त्यांना पूर्वीसारखं धरायला तीन-चार वर्षं लागतील, असं मेघालीने सांगितलं. कोपऱ्यातल्या माडाचा शेंडा बारीक झाला तो बारीकच राहिला. माहीमच्या एका वाडीवाल्याने दुसरा माणूस कायमचा लावला. अंकुशचं त्याच्याबद्दल काही म्हणणं नाही.

तात्यांनी त्याला माफ केलं असं कधी बोलून दाखवलं नाही. गणपतीच्या सुमारास त्यांनी निरोप धाडला, नारळ काढायचेत, ये. अंकुश गेला. विहिरीकडच्या माडावर फुलोऱ्याची नवी पोय फुटून तिचे पिवळे तुरे मोकळे झाले होते. त्यांच्याभोवती मधमाश्या घोंगावत होत्या. खालची हिरवी झावळी त्याने आधी हलवून बघितली, मग तिची पाती एकेक उलटून बघितली. स्वच्छ होती. तरी त्याला बरं वाटलं नाही. बरं वाटेल असं त्याला आता वाटतही नाही. माडावर चढलं की पान उलटायचंच, आणि उलटताना छातीत एकदा धस्स व्हायचंच.

"काय हाय का?" खालून तात्यांनी विचारलं.

"आज नाय," अंकुश वरून ओरडला, आणि दुसरी झावळी हातात घेतली.